जुन्या बॉक्स स्कोअरचा ताळा: आकडे वाचायचे कसे आणि आपल्या टेबलावर लिहायचे कसे

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या सुरुवातीच्या वर्षांतला एखादा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा खेळाडूनिहाय आकड्यांचा तक्ता, पहिल्यांदा पाहिला की अर्धा कागद फाटून गेल्यासारखं वाटतं. आडनाव, पुढे तीन किंवा चार आकडे, खाली बेरीज, संपलं. रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) नाहीत, मिनिटं नाहीत, स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू) नाहीत. पण ठाण्यात किंवा नवी मुंबईत शाळेच्या, सोसायटीच्या सामन्यांना जे स्कोअर लिहायला टेबलावर बसतात, त्यांच्यासाठी सरावाला याहून चांगला कागद नाही. रकाने इतके कमी असतात की प्रत्येक आकड्याचा ताळा हाताने करता येतो, आणि तो करायची सवय एकदा लागली की आपली स्कोअरशीटही नीट लिहिली जाते.

आधी रकाने ओळखा

त्या काळच्या वर्तमानपत्रांत रकान्यांची नावं ठरलेली नसत. कुठे 'एफजी, एफटी, पीएफ, टीपी', कुठे 'जी, एफ, पी', तर कुठे 'बी, एफ, पी' असं छापलेलं असतं. जी, बी किंवा एफजी म्हणजे टाकलेल्या बास्केट, एफटी म्हणजे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट), पीएफ म्हणजे पर्सनल फाउल, टीपी म्हणजे एकूण गुण. घोळ होतो तो 'एफ' आणि 'पी' या दोन अक्षरांत. आज एफ दिसला की मनात फाउल येतो, पण जुन्या कागदावर तो बहुतेक वेळा यशस्वी फ्री थ्रोंचा रकाना असतो. 'पी' कुठे एकूण गुणांसाठी असतो, कुठे पर्सनल फाउलसाठी.

अंदाज बांधत बसू नका, गणित करा. त्या वेळी तीन गुणांची रेघ नव्हती, एनबीएमध्ये (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक लीग) ती १९७९–८० च्या हंगामात आली. म्हणजे प्रत्येक ओळीत एकच हिशेब चालतो: बास्केट गुणिले दोन, अधिक फ्री थ्रो, बरोबर एकूण गुण. तीन-चार ओळींवर हे करून पाहा. 'जी' ची दुप्पट अधिक 'एफ' हे 'पी' शी जुळलं, तर 'पी' म्हणजे गुण. जुळलं नाही आणि 'पी' मधला एकही आकडा सहाच्या वर नसेल, तर ते फाउल आहेत. ज्या ओळीत सगळेच आकडे एक-दोन आहेत ती तपासायला घेऊ नका, तिथे चुकीचं उत्तरही योगायोगाने जुळतं. सर्वांत जास्त गुण करणाऱ्याची ओळ घ्या.

काही ठिकाणी फ्री थ्रोच्या प्रयत्नांचा रकानाच नसतो, पण तक्त्याखाली बारीक अक्षरांत 'चुकलेले फ्री थ्रो' म्हणून नावं आणि आकडे दिलेले असतात. ती ओळ सोडू नका. चुकलेले अधिक यशस्वी म्हणजे एकूण प्रयत्न, आणि टक्केवारी त्यातूनच निघते.

सर्वांत छोटा सामना घेऊन सुरुवात करा

सरावासाठी २२ नोव्हेंबर १९५० चा सामना घ्या. मिनियापोलिसला फोर्ट वेन पिस्टन्स संघाने मिनियापोलिस लेकर्सना १९–१८ असं हरवलं. एनबीएमधला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. क्वार्टरनिहाय पिस्टन्सचे गुण ८, ३, ५, ३. लेकर्सचे ७, ६, ४, १. आडवी बेरीज करा: १९ आणि १८. हा पहिला ताळा.

दुसरा ताळा बास्केटचा. दोन्ही संघांनी प्रत्येकी फक्त चार बास्केट टाकल्या. पिस्टन्स: चार दुणे आठ, अधिक अकरा फ्री थ्रो, एकोणीस. लेकर्स: आठ अधिक दहा, अठरा. आता लेकर्सच्या जॉर्ज मायकनची ओळ बघा. चार बास्केट, सात फ्री थ्रो, पंधरा गुण. संघाच्या चार बास्केटमधून मायकनच्या चार वजा केल्या की हातात शून्य उरतं. म्हणजे बाकीच्या एकाही लेकरने अठ्ठेचाळीस मिनिटांत बास्केट टाकली नाही, त्यांचे तीनही गुण फ्री थ्रोचे. हे कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. संघाच्या बेरजेतून एका खेळाडूची ओळ वजा केली, एवढंच. जुना बॉक्स स्कोअर वाचताना ही वजाबाकी पहिल्यांदा करावी. ओळीत जे दिसत नाही ते तिच्यात दिसतं.

आता शॉट, म्हणजे फ्री थ्रो सोडून बास्केटसाठी केलेले प्रयत्न. पिस्टन्सनी १३ मारले, लेकर्सनी १८. पिस्टन्सची टक्केवारी ३०.८, लेकर्सची २२.२. आजच्या डोळ्यांना दोन्ही आकडे फार वाईट वाटतात, आणि इथेच घाईने निष्कर्ष काढला जातो की त्या रात्री कुणाचा नेमच लागत नव्हता. त्या काळाच्या मापाने पिस्टन्सचे ३०.८ टक्के फार वाईट नव्हते. १९४६–४७ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण करणाऱ्या जो फल्क्सची त्या हंगामातली टक्केवारी ३०.५ होती. नेम बिघडला नव्हता, शॉटच मारले गेले नव्हते. दोन्ही संघांचे मिळून ३१ शॉट, अठ्ठेचाळीस मिनिटांत. २८८० सेकंदांना ३१ ने भागा: सुमारे ९३ सेकंदांना एक शॉट. मायकनच्या उंचीपुढे टिकायचं तर चेंडू हातात धरून ठेवायचा, हा पिस्टन्सचा डाव होता आणि नियमांत त्याला काही आडकाठी नव्हती. २४ सेकंदांत शॉट मारायला लावणारं शॉट क्लॉक १९५४–५५ मध्ये आलं. सिराक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांचा हिशेबही असाच साधा होता: एका चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून १२० शॉट होतात, २८८० भागिले १२०, चोवीस.

म्हणून १९५४ च्या आधीचा बॉक्स स्कोअर हातात आला की आधी शॉटची संख्या बघा, मग टक्केवारी, आणि गुण सर्वांत शेवटी.

क्वार्टरचे आकडे टाकून देऊ नका

१ नोव्हेंबर १९४६ ला टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये न्यूयॉर्क निकरबॉकर्सनी टोरांटो हस्कीजना ६८–६६ असं हरवलं. बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिकाचा हा पहिला सामना, आणि एनबीए आपला इतिहास इथूनच मोजते. पहिली बास्केट न्यूयॉर्कच्या ऑसी शेक्टमनची. सर्वाधिक गुण टोरांटोच्या एड सॅडोव्स्कीचे, १८. न्यूयॉर्ककडून लिओ गॉटलीबने १४ केले.

नुसत्या ओळी वाचल्या तर वाटतं, सॅडोव्स्कीने टोरांटोला सामन्यात टिकवून ठेवलं. फाउलच्या रकान्यात त्याच्यासमोर पाच आहेत, आणि तेव्हा पाच फाउलला खेळाडू बाद व्हायचा. तो दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच बाहेर गेला. आता क्वार्टर बघा. न्यूयॉर्क १६, २१, ७, २४. टोरांटो १२, १७, १९, १८. हाफ टाइमला टोरांटो २९–३७ असा आठ गुणांनी मागे होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे मुख्य खेळाडू बहुतेक वेळ बाकावर असताना, त्यांनी १९ विरुद्ध ७ गुण केले आणि ४८–४४ अशी आघाडी घेतली. १८ गुण केलेला खेळाडू नसताना संघाचा सर्वांत चांगला क्वार्टर झाला. खेळाडूंच्या ओळी आणि क्वार्टरची ओळ शेजारी ठेवून वाचायची ती यासाठी.

मिनिटांची नोंद १९५१–५२ च्या हंगामापासून होते. त्याआधीच्या सामन्यात कोण किती वेळ खेळला हे बॉक्स स्कोअरवरून काढता येत नाही. फाउलचा आकडा थोडी दिशा देतो, बस्स.

अक्षर पुसट असेल तर

जुनी पानं स्कॅन केलेली असतात आणि त्यात ३ आणि ८, १ आणि ७, ० आणि ६ एकसारखे दिसतात. इथे ताळा खरा उपयोगी पडतो. सरावासाठी बनवलेली ही ओळ बघा. क्रम बास्केट, फ्री थ्रो, गुण असा आहे:

अ: ७, ४, १८
ब: ६, ४, १६
क: पुसट, २, ८
ड: ४, पुसट, पुसट
इ: ३, ३, ९
फ: २, ०, ४
एकूण: २५, १४, ६४

'क' च्या बास्केट ३ की ८ हे कळत नाही. आडवा हिशेब करा: आठ वजा दोन सहा, सहाचे निम्मे तीन. उभा हिशेब: ७, ६, ४, ३, २ मिळून २२, आणि २५ ला पोचायला तीन हवेत. दोन्हीकडून तीन आला, लिहून टाका. 'ड' च्या ओळीत दोन आकडे गेलेत, त्यामुळे आडवा हिशेब चालत नाही. फ्री थ्रोचा रकाना उभा घ्या: ४, ४, २, ३, ० मिळून १३, एकूण १४, म्हणजे 'ड' चा एक. मग चार दुणे आठ अधिक एक, नऊ गुण. शेवटी गुणांचा रकाना: १८, १६, ८, ९, ९, ४ मिळून ६४. जमलं.

जमलं नाही तर फरक किती येतो ते बघा, फरकच चूक कुठे आहे ते सांगतो. एकाचा फरक असेल तर एक फ्री थ्रो सुटलाय. दोनाचा असेल तर एक बास्केट, आणि ती बहुधा अशा खेळाडूची जो दोन-तीन मिनिटांसाठीच आत आला होता. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, १२ च्या जागी २१ झालंय का बघा. जमाखर्च लिहिणारे जुने मुनीम हीच खूण वापरायचे.

एक गोष्ट मात्र ताळ्यात सापडत नाही. ब ची बास्केट चुकून अ च्या नावावर गेली तर आडवी बेरीजही जुळते आणि उभीही. ही चूक पकडायला त्याच सामन्याचा दुसऱ्या वर्तमानपत्रातला बॉक्स स्कोअर शोधावा लागतो. दोन्हींत फरक असेल तर मधला आकडा काढून लिहू नका. एक घ्या, दुसरा शेजारी टिपा.

नावांचंही असंच. फक्त आडनाव छापलेलं असतं आणि काही खेळाडूंनी मध्येच नाव बदललेलं असतं. पहिल्या निक्स (म्हणजे न्यूयॉर्क निकरबॉकर्स) संघातला स्टॅन स्टट्झ कॉलेजात स्टॅन्ली मोडझेलेव्स्की म्हणून खेळायचा. नाव न जुळल्यामुळे एकाच माणसाच्या दोन ओळी झाल्या तर हंगामाची सरासरी बिघडते.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या लिहिणाऱ्याच्या नाही, कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्याच्या असतात. १९५० मधल्या खेळाडूच्या स्टीलच्या रकान्यात शून्य भरलं की वाचणारा समजतो, याने एकही चेंडू हिसकावला नाही. खरं तर मोजणाराच कुणी नव्हता. एनबीएमध्ये रिबाउंड १९५०–५१ पासून मोजतात, स्टील आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) १९७३–७४ पासून, खेळाडूनिहाय टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) १९७७–७८ पासून. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला हर्शीमध्ये शंभर गुण केले, तेव्हाच्या ओळीत ६३ पैकी ३६ बास्केट, ३२ पैकी २८ फ्री थ्रो, २५ रिबाउंड, २ असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास) असं सगळं आहे. ब्लॉक किती, याची जागा कायम रिकामी आहे.

एक्सेलमध्ये सरासरीचं सूत्र रिकामा सेल मोजत नाही, पण शून्य मोजतं. म्हणून जे मोजलंच नाही तिथे सेल कोरा ठेवा, आणि मोजून शून्य आलं तिथेच शून्य लिहा. हा एकच नियम पाळला तरी निम्म्या चुका टळतात.

असिस्टचा रकाना पहिल्या हंगामापासून आहे, पण तो आजच्या असिस्टशी ताडून पाहू नका. १९४६–४७ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट एर्नी कॅल्व्हर्लीचे, ५९ सामन्यांत २०२, म्हणजे सामन्याला ३.४. तेव्हा असिस्ट देताना स्कोअरर हात आखडता घेत आणि बास्केटही कमी पडत.

हंगामाच्या आकड्यांनाही तोच ताळा लागतो. फल्क्स: ४७५ बास्केट, ४३९ फ्री थ्रो, ९५० अधिक ४३९ म्हणजे १३८९ गुण, ६० सामन्यांत, सरासरी २३.२. फ्री थ्रो धरून नेमबाजी मोजायची असेल तर गुणांना 'शॉट अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रोचे प्रयत्न' याच्या दुपटीने भागा. फल्क्सने १५५७ शॉट आणि ६०१ फ्री थ्रो घेतले, उत्तर ३८.१ टक्के. चेंबरलेनच्या शंभराचं ६४.९. यातला ०.४४ आजच्या खेळावरून बसवलेला आहे, तेव्हा जुन्या सामन्यांसाठी हे उत्तर ढोबळ धरावं.

आपल्या सामन्याशी तुलना करताना वेळ सारखी करून घ्या. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांचा ४० मिनिटांचा, आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायटी स्पर्धेत आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर असतील तर ३२ मिनिटांचा. ६८ गुणांना ४० ने गुणून ४८ ने भागलं की ५६.७ येतात. घड्याळ न थांबवता खेळवलेल्या सामन्याला हा हिशेब लावू नये, तिथे खेळलेली खरी मिनिटं कुणालाच माहीत नसतात.

आता आपल्या टेबलावर

माणसं दोन हवीत: एक बघून बोलणारा, एक लिहिणारा. बोलणाऱ्याने कागदाकडे बघायचं नाही, लिहिणाऱ्याने चेंडूकडे बघायचं नाही. एकटा माणूस स्कोअर लिहू शकतो, पण चुकलेले शॉट आणि रिबाउंड एकट्याला झेपत नाहीत.

पेनं दोन रंगांची. फीबाच्या पद्धतीत पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल, दुसरा आणि चौथा निळा किंवा काळा. रनिंग स्कोअरमध्ये (शीटवर छापलेल्या चढत्या आकड्यांच्या रकान्यात) बास्केटला त्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, आणि शेजारी खेळाडूचा नंबर. बास्केट तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती गोल. क्वार्टर संपला की शेवटच्या आकड्याला जाड गोल आणि खाली जाड रेघ. जेल पेन आणू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत शाई लवकर वाळत नाही आणि मनगटाखाली ठिपक्याची तिरकी रेघ होते, म्हणजे एका गुणाचे दोन. बॉलपेनच बरं.

आपल्याकडचा खास घोटाळा अंकांचा. देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा, देवनागरी ५ इंग्रजी चारसारखा. लिहिणारा मराठी अंक काढतो, क्वार्टरनंतर बदली बसलेला इंग्रजी, आणि आठ नंबरच्या जर्सीच्या बास्केट चार नंबरवाल्याच्या नावावर जातात. वर सांगितलेली, ताळ्यात न सापडणारी चूक ती हीच. सामना सुरू व्हायच्या आधी ठरवा: पूर्ण शीटवर एकाच पद्धतीचे अंक.

गोंगाटात कानांवर विसंबू नका. सानपाड्याला पुलाखाली खेळायला जागा केली आहे, तशा ठिकाणी वरून सतत वाहनं जातात आणि पंचांचा आवाज अर्धाच पोचतो. हाताची खूण बघा. पंधरापर्यंतचा नंबर पंच बोटांनी थेट दाखवतात. सोळापासून पुढे दोनदा दाखवतात: आधी हाताची मागची बाजू टेबलाकडे करून दहम, मग तळहात दाखवून एकम. हा क्रम चुकला की २३ चा ३२ होतो.

शॉट मोजताना बहुतेक जण एका जागी अडखळतात. शॉट मारताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर तो शॉट मोजायचा नाही, फक्त फ्री थ्रोचे प्रयत्न लिहायचे. फाउल होऊनही चेंडू आत गेला, तर शॉटही मोजायचा, बास्केटही आणि मिळालेला फ्री थ्रोही. ब्लॉक झालेला शॉट हा चुकलेला शॉटच. रिंगवरून आलेला चेंडू वरच्यावर पुन्हा रिंगकडे ढकलला तर एक रिबाउंड आणि एक नवा शॉट, तीनदा ढकलला तर तीन-तीन.

त्याचा ताळा असा: दोन्ही संघांचे चुकलेले शॉट, अधिक शेवटचा फ्री थ्रो चुकून चेंडू खेळात राहिला असेल ते प्रसंग, यांची बेरीज दोन्ही संघांच्या रिबाउंडइतकी यायला हवी. चेंडू कुणाच्या हाती न लागता बाहेर गेला तर तो रिबाउंड खेळाडूच्या नाही, संघाच्या खात्यात. हा संघाचा खाना आखलेला नसला की बेरीज नेहमी चार-पाचने कमी येते, आणि मग कुणीतरी ते रिबाउंड आवडत्या सेंटरच्या नावावर टाकतं.

क्वार्टरमधल्या दोन मिनिटांत रनिंग स्कोअर बोर्डाशी जुळवा, मग खेळाडूंच्या गुणांची बेरीज. फरक सापडला तर तिथेच पंचांना सांगा. मुख्य पंचांची सही होईपर्यंत गुण दुरुस्त करता येतात, सही झाल्यावर नाही. वाशीहून ठाण्याची लोकल पकडायची घाई असली तरी बेरीज गाडीत करू म्हणून कागद गुंडाळू नका.

घरी जायच्या आधी शीटचा सरळ वरून फोटो काढा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार गोष्टी लिहा: क्वार्टर किती मिनिटांचा होता आणि घड्याळ थांबवत होता का, किती फाउलला खेळाडू बाद होत होता, कोणते रकाने आज मोजलेच नाहीत, आणि कोर्टवर तीन गुणांची रेघ होती का. सोसायटीच्या कोर्टांवर ही रेघ बऱ्याचदा पुसलेली असते आणि लांबून टाकलेल्या बास्केटलाही दोनच गुण देतात. तसं असेल तर 'रेघ नाही, सर्व बास्केट दोन गुणांच्या' एवढं लिहून खाली तारीख टाका.